तिरपी तर्री, सरळ पास्ता

इंग्रजी कथेत तर्री-पोहे आले की बरेचदा ते तिरप्या अक्षरांत छापलेले असतात. पास्ता मात्र सरळ. छापण्याआधी कुणीतरी ठरवलेलं असतं, वाचकाच्या घरचं कोण आणि बाहेरचं कोण.

इटॅलिकचा जन्म या कामासाठी झाला नव्हता. व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसने १५०१ मध्ये व्हर्जिलच्या कविता हातात मावेल अशा छोट्या पुस्तकात काढल्या, आणि अख्खं पुस्तक तिरप्या अक्षरांत छापलं. ठसे कोरले फ्रान्चेस्को ग्रिफोने. वळण घेतलं होतं तेव्हाच्या शिकलेल्या माणसांच्या भरभर लिहिण्याचं. गंमत म्हणजे त्यात कॅपिटल अक्षरं सरळच होती! तेव्हा तिरपं अक्षर घरचं होतं. 'हा शब्द वेगळा' असं सांगायची नोकरी त्याला नंतर लागली.

मी कोड लिहितो, म्हणून याची दुसरी बाजूही रोज दिसते. चांगल्या इटॅलिकमध्ये इंग्रजीचं छोटं 'ए' आकारच बदलतं, दोन मजल्यांचं एक मजली होतं. आपल्या बहुतेक देवनागरी फॉन्टना वेगळं इटॅलिक नसतं. मग ब्राउझर सरळ अक्षरालाच गणिताने झुकवतो. शिरोरेषा आडवीच राहते, काने वाऱ्यात सापडल्यासारखे कलतात. सीएसएसमध्ये हे बंद करता येतं आणि मी ते बंद करतो. मराठीचं त्यावाचून अडत नाही. इंग्रजीवाले 'आय' तिरपा करून जो जोर आणतात, तो आपण एका 'च'ने आणतो: मी केलं, मीच केलं.

राहिला परका शब्द. प्रताप नगरातल्या टपरीवर कुणी म्हणतं, "भाऊ, रिचार्ज संपला, हॉटस्पॉट दे ना." यातले परके शब्द तिरपे करायला बसलो तर अर्धं वाक्य कलंडेल. टेबल, स्टेशन, त्याआधीचे कागद, जमीन, सरकार, सगळे आपल्या पानावर ताठ उभे आहेत. भाषाशुद्धीवाल्यांनी पर्याय सुचवले ते वेगळं. पण छापताना आपण कुणाला दारात अडवलं नाही.

तरी सरळ म्हणजे आदर आणि तिरपं म्हणजे अपमान, इतकं ते सोपं नाही. ज्याने तर्री कधी पाहिली नाही, त्याला तिरपं अक्षर सांगतं की जरा थांब, हा शब्द नवा असेल. आपल्या संत्र्याचं शास्त्रीय नाव, सिट्रस रेटिक्युलाटा, जगभर तिरपंच छापतात आणि त्याने लॅटिनचा मान कमी होत नाही. पण तिथे नियम सगळ्यांना एक आहे, आंबा असो की सफरचंद. कथेत तसं नाही. पास्ताही इंग्रजीत पाहुणाच, तो इटलीचा. फक्त त्याला येऊन बरेच दिवस झाले, म्हणून त्याला कुणी नाव-गाव विचारत नाही.

इंग्रजीत लिहिणाऱ्या नागपूरच्या मित्राने मला विचारलं, तर्री तिरपी करू का, तर मी उलट विचारीन: तुझी नायिका हा शब्द उच्चारताना अडखळते का? ती तर सकाळी ठेल्यापाशी उभ्या उभ्या अजून एक पळी मागते आहे.