खाऱ्या मातीतली मोरस

वारकरी मंडळींत एक शंका वारंवार निघते. घरचे माणूस गेले, आणि नित्य हरिपाठ म्हणणाऱ्या बाईच्या डोळ्यांना खळ नाही. शेजारी म्हणतात, "एवढे नाम घेतले, मग रडणे कसले? नाम मुरले नाही म्हणायचे!" हा बोल त्या माउलीला मूळ दुःखाहून जड जातो. म्हणून त्याचा विचार करू.

आक्षेप घेणारा आधार देतो कमळाच्या पानाचा. गीतेच्या ५ व्या अध्यायात तो दृष्टांत आहे. तो खोटा कोण म्हणेल? पण बाबांनो, तेथे गोष्ट चालली आहे पाप न लागण्याची. शोक म्हणजे काही पाप नव्हे. शोकाला दृष्टांत हवा तर तो कोकणच्या खाडीकाठी उगवतो.

खाजणात, मिठागरांच्या आसपास मोरस नावाची लहानशी भाजी होते. आयुष्य एका वर्षाचे. इतर रोपे जळून जातात त्या मातीत ही तग धरते. बायका ती खुडून आणतात, उकडून पाणी पिळून टाकतात, आणि वर मीठ घालीत नाहीत. ते पानातच असते. मोरस मुळांवाटे खार वर घेते. वनस्पतिशास्त्र सांगते, तिच्या पेशीपेशीत पाण्याची एक कोठी असते. बराचसा खार त्या कोठीत कोंडलेला राहतो, आणि जीवाचा व्यवहार चालतो तेथे तो फारसा शिरत नाही. कोठीतल्या त्याच खाराच्या बळावर ती पाणी ओढते आणि पान रसरशीत राहते.

भक्ताचे दुःख असेच असते. शके १२१८ मध्ये आळंदीस ज्ञानोबारायांनी समाधी घेतली. नामदेवराय पांडुरंगाचे लाडके, तरी त्या वियोगाने व्याकुळ झाले. त्यांचे समाधीचे अभंग गाताना आजही टाळकऱ्याचा कंठ दाटतो. त्यांचे नाम कच्चे होते, असे म्हणायची कोणाची छाती आहे?

मग दुःखाला मर्यादाच नाही काय? आहे. कोठीतला खार बाहेर फुटला तर रोप मरते. देवावरचा विश्वास करपला, लेकराबाळांचे तोंड पाहवेनासे झाले, की खार जीवाशी पोचला म्हणून समजावे. नाम ही त्या कोठीची भिंत आहे. ती अश्रू अडवीत नाही, जीव राखते.

आणखी एक. मोरससारख्या रोपाचेही बी गोड्या पाण्यात अधिक चांगले रुजते. खाऱ्या मातीलाही पाऊस लागतोच. दुःखिताचा पाऊस म्हणजे संतसंग. तेव्हा त्या माउलीच्या नामाची परीक्षा घेऊ नये. तिच्या ओसरीवर जाऊन बसावे, तिच्या हरिपाठात आपला सूर मिळवावा, आणि आषाढीला तिला दिंडीत बरोबर न्यावे. वाटेत रडली तर रडू द्यावे.

रामकृष्णहरि.