मेजाचा कांठ

चामोर्शीस राहून सागवान ओळखूं न येणें ही लाजेचीच गोष्ट होय; आणि ती लाज आमच्या वांट्यास आली. आलापल्लीचीं रानें आमच्याच जिल्ह्यांतलीं. २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं ह्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचें सागवान गेलें, ह्याचा अभिमान आम्हांसही आहे. असें असतां अस्सल सागवानी म्हणून पुरते दाम मोजून घेतलेल्या आमच्या अर्धवर्तुळाकार मेजाची कांठाची पट्टी एका पावसाळ्यांत सुटली, आणि आंत हलक्या लांकडाचे थर दिसले. सागवान होतें, पण वरच्या पापुद्र्यापुरतें.

प्रथम आम्हीं त्या पापुद्र्यालाच लबाड म्हटलें. तो अन्याय होता. अर्ध्या मिलिमीटरचे काप काढले तर एका घनमीटर लांकडांत, हिशेबानें, २,००० चौरस मीटर पृष्ठभाग मढतो. २५ मिलिमीटरच्या फळ्या पाडल्यास अवघा ४०. कांहीं भाग वाया जातो हें धरूनही, ज्याला उभें रान प्रिय आहे त्यानें पापुद्र्यास नांवें ठेवूं नयेत. (ईजिप्तच्या तूतांखामेन राजाच्या थडग्यांतही असें मढविलेलें सामान निघालें आहे.) असत्य लांकडांत नव्हतें, विकणाऱ्याच्या शब्दांत होतें.

परंतु आमची खरी परीक्षा पुढेंच होती. मेज मुलीच्या नव्या संसारांत द्यावयाचें होतें. दुरुस्तीस आलेल्या सुतारानें सहज विचारलें, "गुरुजी, सागाची पट्टी लावली तं कोनाले समजनार नाही. शिसवीची लावली तं पट्टी हाय हे दिसन. कोनती लावू?"

फसविले गेल्याबद्दल चार दिवस संतापलेले आम्ही, व्याह्यांच्या घरीं शोभा राहावी म्हणून, सागाचीच म्हणणार होतों! सागाची पट्टी मेजाच्या जाडीविषयीं खोटी साक्ष देते. शिसवीची पट्टीही आंतले थर झांकतेच. पण लुगड्याच्या जरीच्या कांठावरून सारें लुगडें जरीचें आहे असें कोणी समजत नाहीं. प्रत्येक पाहुण्यास मेजाची कुळकथा सांगावी असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याला वस्तु द्यावयाची त्याला मात्र ती ठाऊक असली पाहिजे. आम्हीं शिसवीची सांगितली. तेवढें सांगावयास दोन दिवस लागले.

वांकणावर पट्टी बसविणें सोपें नाहीं. सरळ ठोकळा ठेवून शिकंजा आवळला तर दाब एकाच जागीं पडतो. तेथला सरस निथळून जातो आणि दोहों बाजूंस पट्टी उचलते. म्हणून त्यानें जाड फळींत मेजाच्या वांकणाचा उलटा सांचा कापला व त्यास आंतून रबर लावलें. पट्टी भिजवून ऊन नळीवर वळविली आणि सुकूं दिली. सागाच्या अंगीं तेल असतें, सरस नीट धरत नाहीं. म्हणून पापुद्र्याची कड हलकेच तासून स्पिरिटानें पुसली. मग मध्यापासून टोकांकडे, एकेक पेच थोडाथोडा आवळीत, त्यानें सारे शिकंजे लावले आणि रात्रभर मेजास हात लावूं दिला नाहीं.

सकाळीं शिकंजे सुटले. पट्टी उत्तम बसली होती. केवळ दोन तुकड्यांच्या सांध्यांत केसाएवढी फट राहिली होती. सुतारानें चिमूटभर शिसवीचा भुसा सरसांत कालवला, फटींत दाबला आणि वर पॉलिशपत्र फिरविलें. फट दिसेनाशी झाली. आम्ही शेजारींच उभे होतों. बोललों कांहींच नाहीं.