शोभेल का?

बालायाज हा शब्द आता आपल्या भोपाळच्या पार्लरांतही रुळला आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ झाडणं. झाडू फिरवावा तसा ब्रश हलक्या हाताने फिरवत केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत रंग उतरवत नेतात. मुळं बहुधा आपल्या मूळ रंगातच राहतात.

माझ्या धाकट्या जावेने मला विचारलं, "ताई, मला शोभेल का हो?" भावजींना जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या 'शोभेल'मध्ये दोन प्रश्न होते. एक चेहऱ्याचा, आणि दुसरा तिने उच्चारला नाही तो. नवरा गेलेल्या बाईने हे करावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मंडळातल्या बायकांकडे तयारच होतं. "आर्यिका माताजी स्वतःच्या हाताने केस उपटतात, आणि आपण रंगवत बसायचं?"

केशलोचापुढे माझंही मस्तक झुकतं. पण तो साधूंच्या 28 मूलगुणांपैकी एक. महाव्रत त्यांचं, अणुव्रत आपलं. श्राविकेने माताजींकडून प्रेरणा जरूर घ्यावी, पण त्यांच्या व्रताची फूटपट्टी दुसऱ्या श्राविकेच्या डोक्याला लावू नये. आणि लावायचीच असेल, तर सधवेला एक माप आणि विधवेला दुसरं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

गंमत अशी की हे बोलणाऱ्या निम्म्या बायका दर महिन्याला केस काळे करतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे पंधरा-वीस दिवसांत भांगात पांढरी रेघ दिसते, की पुन्हा डबी उघडायची. त्या काळ्या रंगाला कुणी शृंगार म्हणत नाही, कारण तो कळू नये म्हणूनच लावलेला असतो. बालायाज मात्र रंगवलेलं दिसतंच. मग आपला आक्षेप रंगाला आहे, की दिसण्याला?

दशलक्षणात तिसऱ्या दिवशी आपण उत्तम आर्जव ऐकतो. आर्जव म्हणजे सरळपणा. काळा रंग लावणारीला मी खोटी म्हणत नाही. नोकरीत, लग्नघरात बाईच्या वयाकडे कसं बघतात ते ठाऊक आहे. एवढंच, की न लपवणारीला नावं ठेवू नयेत.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून करून दिली आहे. म्हणून मी जावेला म्हटलं, "पुढचे सहा महिने पार्लरला गेलीच नाहीस, तर चैन पडेल का?" बालायाजची मुळं वाढली तरी ठळक रेघ उठत नाही, सावकाश उतरू देता येतं. पण ज्या दिवशी त्याच्यावाचून देवळात जायची लाज वाटेल, त्या दिवशी तो रंग परिग्रह झाला असं समजायचं.

अहिंसेचा प्रश्न वेगळा. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी 2014 पासून बंद आहे. तरी केराटिन, मधमाश्यांचं मेण असे घटक असू शकतात. डब्यावर वाचावं, विचारावं, संकोच नको.

आणि अहिंसा स्वतःच्या देहाशीही पाळायची. आपल्या काळ्या केसांवर हा रंग दिसायला आधी ब्लीच लागतं. त्यात केस नारिंगी होतात, कोरडे पडतात, मग टोनर लावतात. आधी काळी मेंदी किंवा डाय लावला असेल तर पार्लरमध्ये लपवू नका. काही मेंद्यांत धातूंचे क्षार असतात, त्यावर ब्लीच पडलं तर केस तापून तुटू शकतात. एका बटेवर आधी करून बघायला सांगा. कानामागे चाचणीही 48 तास आधी करा. केस आधीच विरळ, तुटके असतील तर नकोच.

जावेने अजून ठरवलेलं नाही. तिची काळी मेंदी वाढून कापली जाईपर्यंत थांबायचं म्हणते. मंडळात मात्र मी सांगून टाकलंय, ती काहीही ठरवू दे, आरतीचं ताट पहिल्यासारखंच तिच्या हातात द्यायचं.