हरलेल्या सामन्यातील धावा

माणसाच्या श्रमांचे मोल कशाने ठरवावे? त्यांना आलेल्या फळाने, की ते ज्या निष्ठेने केले त्या निष्ठेने? प्रश्न जुना आहे. परंतु अमडापूरच्या परिसरात राहणाऱ्यांना तो ग्रंथांत शोधावा लागत नाही. पावसाच्या भरवशावर पेरलेले सोयाबीन शेंगा भरण्याच्या वेळी पाण्यावाचून वाळते, तेव्हा हा प्रश्न घरोघरच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. त्याचा विचार करताना एका क्रिकेटपटूचे चरित्र आम्हांला उपयोगी वाटते. खेळाचे उदाहरण कोणी हलके मानू नये. जय-पराजयाचा हिशेब तेथे इतका उघड मांडलेला असतो, की त्या हिशेबात काय मावत नाही हेही तेथेच स्पष्ट दिसते.

विजय हजारे यांचा जन्म 1915 साली सांगली येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. स्वभावाने ते अबोल व संकोची. ऑस्ट्रेलियाचे विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे महाराष्ट्र व बडोदा या संघांकडून खेळताना त्यांनी धावांच्या राशी रचल्या. ते 30 कसोटी सामने खेळले, त्यांत त्यांनी 7 शतके केली आणि 14 सामन्यांत भारताचे नेतृत्व केले. 1960 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले. आज देशातील एकदिवसीय सामन्यांचा करंडक त्यांच्या नावाने दिला जातो.

त्यांच्या कारकिर्दीतील एक गोष्ट मात्र विचार करायला लावते. ज्या डावांसाठी त्यांचे नाव घेतले जाते, त्यांतील कितीतरी डाव हरलेल्या सामन्यांतले आहेत.

त्या काळी मुंबईत धर्माधर्मांचे संघ करून पंचरंगी सामने खेळले जात. गांधीजींना हा प्रकार पसंत नव्हता, आणि 1946 नंतर तो बंद पडला, हे योग्यच झाले. हिंदू, मुस्लिम, पारशी व युरोपियन यांत न बसणाऱ्यांचा पाचवा संघ 'इतर' या नावाने ओळखला जाई. हजारे त्या संघात होते. 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने 581 धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद 250 होत्या. 'इतर' संघाचा पहिला डाव 133 धावांत संपला. दुसऱ्या डावात त्यांनी 387 धावा केल्या, आणि त्यांपैकी 309 एकट्या हजारे यांच्या होत्या. तरीही सामना एक डाव आणि 61 धावांनी गेला.

1948 च्या जानेवारीत अ‍ॅडलेड येथे ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध हजारे यांनी दोन्ही डावांत शतके झळकावली, 116 आणि 145. असे करणारे ते पहिले भारतीय. तो सामनाही भारत डावाने हरला. 1952 साली लीड्सला दुसऱ्या डावात एकही धाव होण्याआधी भारताचे चार गडी बाद झाले होते. कर्णधार हजारे यांनी त्या पडझडीत 56 धावा केल्या. सामना हाती राहिला नाही.

आता याच्या उलट बाजू पाहावी. कर्णधार म्हणून त्यांना एकच कसोटी विजय मिळाला. 5 सामने गेले आणि 8 अनिर्णित राहिले. तो एकमेव विजय म्हणजे 1952 च्या फेब्रुवारीत मद्रासला इंग्लंडवर मिळालेला, भारताचा पहिलावहिला कसोटी विजय. त्या सामन्यात शतके केली ती पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी. 12 बळी घेतले ते विनू मंकड यांनी. स्वतः उत्तम खेळावे तर संघाने हरावे, आणि संघ जिंकावा तेव्हा कौतुकाचे धनी दुसरेच असावेत!

मग त्या 309 धावा व्यर्थ गेल्या काय? आम्हांला तसे वाटत नाही. पराभवाने निकाल ठरतो. झालेले काम त्यामुळे न झाल्यासारखे होत नाही. निकाल अनेकांच्या हाती असतो, हवामानाच्या हाती असतो, कधी निव्वळ योगायोगाच्या हाती असतो. आपल्या वाट्याला आलेला चेंडू नीट खेळणे एवढेच आपल्या हाती असते. पीक बुडाले म्हणजे माणूसच बुडाला, असे समजून आपल्या विदर्भात किती घरांनी कर्ता पुरुष गमावला! दहावीच्या गुणपत्रिकेवरून मुलाची किंमत ठरवणारे आईबापही नकळत तीच चूक करतात.

परंतु येथे सावध राहिले पाहिजे. 'फळाची चिंता करू नका' हे वाक्य फार सोयीचे आहे. खेळाडूला ते शोभते. कर्णधाराला तेवढ्यावर सुटता येत नाही. हजारे यांच्या नेतृत्वावर अतिसावधपणाचा आक्षेप घेतला गेला, आणि तो घेण्याचा अधिकार लोकांना होता. कारण ज्याच्या निर्णयावर इतरांचे भले अवलंबून असते, त्याने 'मी प्रामाणिकपणे झटलो' एवढेच म्हणून चालत नाही. त्याने परिणामांचाही जाब दिला पाहिजे. सरकार, बँक, शाळा, धर्मग्राम चालवणारे आम्ही, हे सारे कर्णधाराच्या जागी आहेत. निष्ठेचे समाधान ज्याचे त्याने स्वतःपुरते घ्यावे. वाळल्या शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ते औषध म्हणून पाजू नये. त्याला बी-बियाणे हवे असते, कर्जाला मुदत हवी असते, सोबत हवी असते.

सोबतीचे मोलही त्याच 1943 च्या सामन्यात दिसते. निम्मा संघ बाद झाला असताना हजारे यांच्या जोडीला त्यांचे बंधू विवेक आले. दोघांनी मिळून 300 धावांची भर घातली. त्यांत विवेक यांच्या धावा किती? फक्त 21. धावफलकाच्या दृष्टीने हा आकडा नगण्य. पण ते दुसऱ्या टोकाला टिकले नसते, तर त्या 309 धावा झाल्याच नसत्या. विवेक यांनी सामना वाचवला नाही, बंधूंचे काम हाती घेतले नाही, उपदेशही केला नाही. ते फक्त बाद झाले नाहीत.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या हातून 309 धावा होतील. नेतृत्वही थोड्यांच्याच वाट्याला येईल. पण शेजाऱ्याचा डाव कोसळत असताना दुसऱ्या टोकाला उभे राहणे कोणालाही जमण्यासारखे आहे. यंदाच्या हंगामात आपल्या गावातील कोणते घर एकटेच खेळत आहे, एवढे प्रत्येकाने पाहावे, ही विनंती.