उजवा हात आणि डावा हात

श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांना मदत द्यावी काय? ज्याच्याजवळ आहे त्याने द्यावे, हे शब्बाथशाळेतले मूलही सांगेल. १९७० साली संयुक्त राष्ट्रसंघाने श्रीमंत देशांपुढे ध्येय ठेविले की, राष्ट्रीय उत्पन्नातील दर हजारी सात भाग मदतीसाठी काढावे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क अशा थोड्यांनी ते गाठले; बहुतेकांनी नाही. २०२५ साली तर अमेरिकेने आपली मदतसंस्थाच बंद केली.

मदतीविरुद्ध बोलणारे म्हणतात, घेणारा मिंधा होतो. यात तथ्य आहे. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेच्या गव्हाने आपल्या देशातील पुष्कळांची भूक भागली. परंतु तो गहू हात आखडून, थोडाथोडा सोडण्यात आला, हेही आपण विसरलो नाही. तरी भुकेल्यापुढे असा वाद घालीत बसणे ख्रिस्ती मनुष्याला शोभत नाही.

खरा प्रश्न याहून खोल आहे. आदिलाबाद जिल्ह्यात कापूस पिकविणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना तो चटकन समजेल. अमेरिकेचे सरकार आपल्या कापूस उत्पादकांना मोठे अनुदान देत आले आहे. त्यामुळे तेथला कापूस स्वस्तात परदेशी जातो व जगाच्या बाजारात भाव पडतो. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे हीच तक्रार मांडली. यांपैकी बेनिन व माली यांना अमेरिकेची मदतही मिळत होती! म्हणजे एका हाताने द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यावयाचे. दान करताना उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे प्रभूने शिकविले. ते दात्याला गर्व होऊ नये म्हणून. डाव्या हाताची लूट झाकली जावी म्हणून नव्हे.

यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी मागताना पौलाने करिंथच्या मंडळीला उपकाराची नव्हे, समानतेची गोष्ट सांगितली (२ करिंथ ८). आज तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी, उद्या त्यांच्यातून तुमची. तेव्हा मदत अवश्य द्यावी. पण ती न्यायाबरोबर द्यावी, न्यायाच्या बदली नव्हे.

शिक्षकहो, हा धडा शिकविताना अमेरिकेपाशी थांबू नका. कापणीच्या सणाला वेदीपुढे भरली पाटी ठेवणाऱ्याने कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी कापली असेल, तर त्याची आणि त्या श्रीमंत राष्ट्राची गोष्ट एकच. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी पडते, असे याकोब सांगतो. दानपेटीत पडणाऱ्या नाण्यांचा आवाज तिच्याहून मोठा नाही.