जबाबदारीतला जबाब

लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पुजतो. पण जुन्या वहीत जमेबरोबर नावेही मांडल्यावाचून त्याची सुटका नसते. राज्यकर्त्यांच्या वहीला मात्र जमेचीच बाजू असावी, असे मला पुष्कळदा वाटते. धरण उभे राहिले तर ते मंत्र्यांनी बांधले. फुटले तर दोष कोणा अभियंत्याचा!

वस्तुतः प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. जे आपल्या हातून घडले नाही, त्याचा बोल माणसाने का घ्यावा? मुंद्रा प्रकरणात नेमका हाच पेच पडला होता. १९५७ च्या जूनमध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतले. पैसा विमेदारांचा; गुंतवणूक समितीला आधी विचारलेही नव्हते. फिरोझ गांधींनी लोकसभेत प्रश्न लावून धरला आणि न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली. ती ऐकायला लोकांची गर्दी लोटली. हा व्यवहार आपल्या संमतीने झाला नाही, असे अर्थमंत्री कृष्णम्माचारींचे म्हणणे. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा छागलांचा निर्वाळा. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी पद सोडले.

मला तो निर्वाळा न्याय्य वाटतो. अपराध ज्याचा त्याचा, हे खरेच. पण सत्ता आपण मंत्र्याच्या हाती दिली, सचिवाच्या नव्हे. सचिवाला आपण निवडत नाही, घरीही बसवू शकत नाही. मंत्र्याने हात वर केले, तर त्या गरीब विमेदाराने दाद मागावी कोणाकडे?

तथापि राजीनामा दिला की सारे फिटले, असेही नव्हे. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये पुन्हा मंत्रिमंडळात आले. किंबहुना राजीनामा हीसुद्धा कित्येकदा पळवाट ठरते. खुर्ची रिकामी झाली, की विचारणारेही पांगतात. 'जबाबदारी' या शब्दात आधी 'जबाब' आहे, हे आपण विसरतो. त्या चौकशीचे मोल मला राजीनाम्याहून यात अधिक वाटते, की मोठमोठ्यांना चारचौघांसमोर बोलावे लागले. 'नैतिक जबाबदारी स्वीकारतो' हे तीन शब्द उच्चारून हल्ली तेवढेच टाळले जाते.

आणि वाचकहो, जबाब आपण होऊन कोणी देत नाही. तो मागावा लागतो, नि मिळेपर्यंत मागत राहावा लागतो. नेत्यांची वही कोरी राहते, याला आपली अल्प स्मरणशक्तीही थोडी कारण नाही काय?