यदृच्छा, स्वभाव आणि ईश्वर

संख्याशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासाला बसलेला विद्यार्थी सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन ही पहिली प्रकरणे निर्वेधपणे ओलांडून जातो, कारण तेथे जे आहे त्याचे वर्णन करणे एवढाच व्यवहार असतो आणि वर्णनाने कोणाच्याही श्रद्धेला सहसा धक्का लागत नाही. परंतु गृहीतकांच्या चाचणीचे प्रकरण उघडले, की तो नकळत एका फार जुन्या वादाच्या आखाड्यात उतरलेला असतो. हे जग यदृच्छेने चालले आहे की कोणाच्या योजनेने, हा तो वाद. या चाचणीचे आद्य उदाहरण म्हणून ज्या निबंधाचा दाखला देतात, तो निबंधच मुळी ईश्वरी योजना सिद्ध करण्याच्या हेतूने लिहिलेला होता, ही हकीकत मात्र पाठ्यपुस्तके बहुधा गाळतात.

तो निबंध इंग्लंडच्या राणी अ‍ॅनचा वैद्य जॉन आर्बथनॉट याने अठराव्या शतकाच्या आरंभी रॉयल सोसायटीपुढे मांडला. लंडन शहरात दरसाल बाप्तिस्मा होणाऱ्या मुलामुलींचे आकडे दफ्तरी नोंदलेले होते. त्यांतील १६२९ पासून १७१० पर्यंतची ब्याऐंशी वर्षे त्याने तपासली, आणि एकाही वर्षाचा अपवाद न होता मुलग्यांची संख्या मुलींहून अधिक भरली. मुलगा की मुलगी हा निवाडा केवळ नाणेफेकीसारखा होत असता, तर एखाद्या वर्षी मुलगे अधिक होण्याचा संभव फार तर निम्मा. मग सलग ब्याऐंशी वर्षे तसेच घडण्याचा संभव म्हणजे दोनाच्या ब्याऐंशीव्या घाताने एकाला भागून येणारा अपूर्णांक, ज्याचा छेद पंचवीस अंकी आहे. एवढी दुर्मिळ गोष्ट आपोआप घडली असे मानणे बुद्धीला पटत नाही, तेव्हा हे काम यदृच्छेचे नव्हे, ईश्वराचे आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. पुरुषांना पोटापाण्यासाठी बाहेरचे धोके पत्करावे लागतात आणि त्यांत ते अधिक मरतात, म्हणून विधात्याने ते थोडे जास्त जन्माला घातले, म्हणजे प्रत्येक स्त्रीला पती मिळावा, अशी त्याची उपपत्ती. आणि जाता जाता बहुपत्नीत्व निसर्गाच्या कायद्याविरुद्ध आहे, हेही त्याने त्याच हिशेबातून काढून दाखविले! राजवैद्याचा उत्साह दांडगा होता, एवढेच म्हणावे.

तथापि त्याच्या युक्तिवादाचा पूर्वार्ध निर्दोष आहे, आणि त्याला ब्याऐंशी वर्षांची गरजही नव्हती. पहिलेच वर्ष घ्या. १६२९ मध्ये ५,२१८ मुलगे आणि ४,६८३ मुली नोंदल्या गेल्या, एकूण ९,९०१. इतकी नाणी उडविली तर सरासरीने ४,९५० च्या आसपास छापे पडावेत, आणि या संख्येचे प्रमाण विचलन, म्हणजे एकूण संख्येच्या वर्गमुळाचे अर्ध, सुमारे ५० येते. प्रत्यक्षातला आकडा त्या सरासरीहून सुमारे २६७ ने, म्हणजे विचलनाच्या पाचपटीहूनही अधिक दूर आहे. तेव्हा नाणे सारखे आहे हे चाचणीला लावलेले गृहीतक, म्हणजे शून्य परिकल्पना, त्या एका वर्षातच बाद होते.

प्रश्न आहे तो उत्तरार्धाचा. निकोलस बेर्नुली या गणितज्ञाने त्याचे उत्तर दिले ते असे, की पस्तीस बाजूंचा एक फासा कल्पावा, त्याच्या अठरा बाजू मुलग्याच्या आणि सतरा मुलीच्या समजाव्यात. असा फासा दरसाल हजारो वेळा टाकला तर मुलग्यांचे आधिक्य जवळजवळ प्रत्येक वर्षी दिसेल, आणि त्यात आश्चर्य करण्यासारखे काहीच उरणार नाही. आर्बथनॉटने नाणे सारखे नाही एवढेच सिद्ध केले होते. नाणे कोणी घडविले, याचा उलगडा त्याच्या आकड्यांत नव्हता. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभी जगत्कारणाविषयीची जी मते मोजली आहेत, त्यांत स्वभाव आणि यदृच्छा ही दोन निरनिराळी धरलेली आहेत, आणि मला ती गणना या स्कॉटिश वैद्याच्या द्वंद्वापेक्षा अधिक सावध वाटते. त्याच्यापुढे पक्ष दोनच होते, यदृच्छा किंवा ईश्वर. म्हणून पहिला पडताच दुसऱ्याचा जय त्याने जाहीर केला. तिसरा पक्ष, वस्तूच्या अंगच्या स्वभावाचा, सुनावणीलाच आला नाही. अर्थात तो स्वभाव ईश्वरदत्तच आहे असे आस्तिकाने म्हणावे, त्याला कोणी हरकत घेऊ नये. परंतु ते म्हणणे संख्याशास्त्राच्या सहीशिक्क्याने म्हणता येणार नाही.

आकड्यांत नसलेला निष्कर्ष त्यांतून काढण्याचा हाच प्रमाद आपल्याकडे सहसंबंधाच्या वेषात येतो. देवळात नवस फेडायला आलेल्यांची रांग पाहून भाविक म्हणतो, केवढ्यांना देव पावला! पण त्या रांगेत फक्त नवस केलेले आणि फळलेले लोक उभे असतात. नवस करून न फळलेले, नवस न करताही ज्यांचे इच्छित साधले ते, आणि ज्यांचे दोन्ही नाही ते, हे तिन्ही गट घरीच असतात. आणि या चार गटांच्या तक्त्याची चारही घरे भरल्याशिवाय संबंध आहे की नाही हे सांगता येत नाही. हा मुद्दा काही आधुनिक नाही. जहाजबुडीतून वाचलेल्यांनी देवळात लावलेल्या चित्रफलकांकडे बोट दाखविणाऱ्याला डायगोरस या ग्रीक नास्तिकाने, बुडालेल्यांची चित्रे कुठे आहेत, असे विचारल्याची कथा रोमन लेखक सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवली आहे.

चारही घरे भरण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न पुण्यात झाला. २००८ साली जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोन्ही प्रकारच्या मुलांच्या दोनशे जन्मपत्रिका जमविल्या आणि सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन मूल कोणत्या गटातले हे ओळखावयास सांगितले. चाळीस नाण्यांचा मध्य वीस, विचलन तीनाहून किंचित अधिक. म्हणून सव्वीसाच्या पुढे मजल गेली असती तर काही बोलता आले असते. ज्योतिषांची एकूण कामगिरी नाणेफेकीहून सरस ठरली नाही. येथे आर्बथनॉटच्या उलट अतिरेकाचा मोह होतो, की ग्रहांचा प्रभाव नाही हे सिद्ध झाले. तसे झालेले नाही. परिकल्पना बाद न होणे आणि ती सत्य ठरणे यांत अंतर आहे. परंतु पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची असते, आणि या प्रसंगी त्याला तो देता आला नाही, एवढा फैसला त्या आकड्यांवरून बेलाशक करता येतो. त्यापलीकडचा, आस्तिकाच्या बाजूने असो वा नास्तिकाच्या, करता येत नाही.